रानांतलें पाणी आणि अर्ध्या तासाचा धीर

गेल्या पालकसभेंत एक प्रश्न निघाला व त्यावर बराच वेळ खल झाला. शाळेनें मुलांस पाठीवर पिशव्या देऊन डोंगरांत व रानांत पायीं सहलीस न्यावें कीं नाहीं, आणि न्यावयाचें झाल्यास त्यांच्या पिण्याच्या पाण्याची व्यवस्था कोणती, असा तो प्रश्न होता. कांहीं पालकांचें म्हणणें असें पडलें कीं, मुळीं सहलच नको. दुसऱ्या कांहींनीं सुचविलें कीं, बाटलीबंद पाण्याचीं खोकीं मोटारीनें मुक्कामावर आधींच पोंचतीं करावीं. एका वृद्ध आजोबांनीं हंसून सांगितलें कीं, आम्ही जन्मभर नाल्याचें व बोडीचें पाणी प्यालों, आम्हांस काय झालें? हीं तिन्ही मतें मुलांवरील प्रेमानेंच मांडलेलीं होतीं, म्हणून त्यांचा आदरानें विचार झाला पाहिजे. तथापि आमचें मत या तिहींहून निराळें आहे. मुलांनीं रानांत जावें, तेथलेंच पाणी भरावें आणि तें स्वतःच्या हातांनीं शुद्ध करून प्यावें. ही विद्या शिकणें हाच सहलीचा एक मोठा लाभ आहे, असें आम्हांस वाटतें.

हें मत आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. त्याची किंमत एका मुलानें दिली आहे, आणि ती हकीकत प्रथम सांगितल्यावांचून पुढें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं, फाल्गुनाच्या दिवसांत, २६ मुलें घेऊन आम्ही दोघे शिक्षक तुमसर तालुक्यांतील गायमुखाहून अंबागडाच्या डोंगराकडे निघालों होतों. हा किल्ला गोंड राजा बख्त बुलंद याच्या कारकीर्दींतला. पुढें तो नागपूरकर भोसल्यांकडे आला व त्यांनीं त्याचा उपयोग कैदखान्यासारखा केला. तेथील आंतल्या विहिरीचें सांचलेलें, नासलेलें पाणी कैद्यांस पाजीत व त्यानेंच ते मरत, अशी दंतकथा सांगतात. ही कथा आम्ही मुलांस वाटेंत मोठ्या रसानें सांगितली. तिचा बोध मात्र आम्ही स्वतःच विसरलों.

दुपार होण्यापूर्वींच सर्वांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. खालच्या नाल्यांत एक डोह होता. त्यावर सागाचीं वाळलेलीं पानें तरंगत होतीं व पाणी चहासारखें तांबूस दिसत होतें. आमच्याजवळ क्लोरीनच्या गोळ्या होत्या. आम्ही पातेलें भरलें, गोळी टाकली, काठीनें ढवळलें आणि घड्याळ लावून बसलों. मुलें पातेल्याभोंवतीं उभीं होतीं. कोणाच्या ओठांस कोरड पडलेली, कोणी डोकें धरून बसलेला. दहा मिनिटें गेलीं असतील नसतील, आमचें मन द्रवलें, आणि "आतां झालें असेल" असें म्हणून आम्ही पेले भरूं लागलों. तिसऱ्या दिवशीं सात मुलांस हगवण लागली. त्यांपैकीं नववींतला एक मुलगा इतका गळून गेला कीं, त्याला दोन दिवस इस्पितळांत ठेवून शिरेवाटे सलाईन द्यावें लागलें. परमेश्वराच्या कृपेनें तो वांचला. डॉक्टरांनीं कारण विचारलें, तेव्हां आमच्यापाशीं दोष देण्यास दुसरें कोणी नव्हतें. औषध होतें, ज्ञान होतें, घड्याळही होतें; नव्हता तो फक्त आणखी वीस मिनिटांचा धीर.

त्या मुलाचे वडील धानाची शेती करणारे. ते इस्पितळांत आले, तेव्हां आम्ही मान खालीं घालून उभे होतों. ते रागावले नाहींत. ते इतकेंच म्हणाले, "गुरुजी, आमच्या टोलीच्या विहिरीनें दर पावसाळ्यांत असेंच होतें. तेव्हां कोणी सभा भरवीत नाहीं." हें वाक्य आमच्या मनांतून आजवर गेलेलें नाहीं. त्याकडे आम्ही शेवटीं पुनः येऊं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रथम हिशेब पाहावा. कारण पुष्कळशा वादांचा निकाल साध्या गुणाकारानें लागतो. उन्हांत चालणाऱ्या मुलास दिवसाला निदान ३ लिटर पाणी लागतें. २६ मुलें व २ दिवस धरिले, तर १५६ लिटर होतात. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, म्हणजे दीड क्विंटलाहून अधिक ओझें झालें, आणि त्यांत स्वयंपाकाचें पाणी धरलेलेंच नाहीं. मुलाच्या वांट्यास सहा किलो येतात. अंथरूण, शिधा व भांडीं सांभाळून तें त्यानें चढावर वाहून न्यावें, हें शक्य नाहीं. मोटार जेथवर जाते तेथवरच बाटल्यांचीं खोकीं जाणार. आणि मोटार जेथवर जाते तेथवरच जावयाचें असेल, तर त्यास पदभ्रमण हें नांव कशाला? शिवाय रिकाम्या बाटल्या रानांतच टाकून येणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. ज्या झऱ्यानें आपली तहान भागवावी, त्याच्याच कांठीं कचऱ्याचा ढीग घालून यावें, ही कृतज्ञता नव्हे.

आजोबांच्या युक्तिवादाचें उत्तर अधिक अदबीनें दिलें पाहिजे. नाल्याचें पाणी पिऊन ते ऐंशीच्या घरांत पोंचले, हें खरें. परंतु तेंच पाणी पिऊन जीं मुलें पांचव्या वर्षाच्या आंत गेलीं, तीं साक्ष देण्यास सभेंत येऊं शकत नाहींत. वांचलेल्यांचीच साक्ष घेऊन निकाल दिला, तर पटकीसारखा रोगही निरुपद्रवी ठरेल. आणखी असें कीं, ज्या पाण्याची एका गांवच्या माणसांस संवय असते, तें बाहेरून आलेल्यास बाधूं शकतें. आजोबांच्या नाल्यांत त्या काळीं जें नव्हतें, तेंही आज त्यांत आहे. त्याविषयीं पुढें सांगूं.

पाण्यांतून रोग येतो ही गोष्ट मनुष्यजातीस फार उशिरां कळली. लंडन शहरांत १८५४ सालीं जॉन स्नो या डॉक्टरानें एका रस्त्यावरच्या पंपाभोंवतीं पटकीनें मेलेल्या लोकांचीं घरें नकाशावर मांडून पाण्याचा दोष उघड केला. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञास आपल्याच देशांत, कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यांत पटकीचे जंतु सांपडले. त्या तलावावर लोक धुणें धूत, स्नान करीत आणि तेथूनच प्यावयास पाणी नेत. आमचा भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं बांधलेले हे तलाव, आज ज्यांस माजी मालगुजारी तलाव अथवा लाडकेपणानें मामा तलाव म्हणतात, हें आमच्या पूर्वजांच्या बुद्धीचें वैभव होय. परंतु ते धानास पाणी देण्यासाठीं बांधले होते, हें विसरतां कामा नये. ज्या तलावांत म्हशी डुंबतात, त्यांतलें पाणी जसेंच्या तसें पेल्यांत घेऊं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

आमचे पूर्वज या बाबतींत अगदींच अडाणी होते असेंही नव्हे. निवळीची बी उगाळून गढूळ पाण्यांत टाकण्याची व तुरटी फिरविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पाणी वस्त्रानें गाळून प्यावें असा दंडकही होता. या दंडकाची थोरवी अलीकडे नव्यानें सिद्ध झाली. बांगलादेशांतील खेड्यांत जुन्या साडीच्या चौपदरी घडीनें पाणी गाळून घेतल्यानें पटकीचें प्रमाण ४८ टक्क्यांनीं घटलें, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. कारण पटकीचे जंतु पुष्कळदां पाण्यांतील सूक्ष्म प्राण्यांस चिकटून राहतात व ते प्राणी फडक्यांत अडकतात. नारूचा रोग आपल्या देशांतून गेला, त्यांतही फडक्याचा मोठा वांटा आहे. १९९६ नंतर भारतांत नारूचा रोगी आढळला नाहीं, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त झाल्याचें मान्य केलें. पण ४८ टक्के म्हणजे अर्धेंही नव्हे. फडकें ही पहिली पायरी होय. तिच्यावरच थांबणें म्हणजे ओटीवर बसून घर पाहिलें असें म्हणण्यासारखें आहे.

दुसरी पायरी रसायनाची. अमेरिकेंतील जर्सी सिटी या शहरानें १९०८ पासून आपल्या सर्व पाण्यास नित्यनेमानें क्लोरीन देण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७ सालीं, शिपायाच्या खिशांत राहील अशी हॅलेझोन नांवाची गोळी निघाली. आज ज्या गोळ्या औषधांच्या दुकानांत मिळतात, त्या बहुधा सोडियम डायक्लोरोआयसोसायन्यूरेट या क्षाराच्या असतात. नांव लांबलचक असलें तरी काम सोपें आहे. गोळी विरघळली कीं पाण्यांत हायपोक्लोरस आम्ल तयार होतें, तें जंतूंच्या आवरणांतून आंत शिरतें व त्यांचा नाश करतें. अर्ध्या तासानंतरही एका लिटरांत निदान अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक उरला पाहिजे, असा दंडक आहे. विद्यार्थी मित्रहो, अर्धा मिलिग्रॅम म्हणजे वजनानें वीस लाखांत एक भाग! एवढासा पदार्थ एवढें मोठें कार्य करतो. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो, आणि त्याचा मार्ग मोकळा ठेवावा लागतो.

हा मार्ग मोकळा ठेवणें म्हणजे काय, तें आमच्या त्या डोहाच्या उदाहरणावरून कळेल. क्लोरीन जंतु व पाचोळा असा भेद करीत नाहीं. पाण्यांत माती, कुजलेलीं पानें, शेण असें कांहीं असेल, तर बिचारा क्लोरीन त्यांच्याशींच झगडून खर्च होतो, आणि जंतु मातीच्या कणांआड सुखरूप बसतात. आम्हीं त्या दिवशीं दोन चुका केल्या. गढूळ पाणी न निवळतां गोळी टाकली, ही पहिली. आणि वेळेपूर्वीं पाणी वांटलें, ही दुसरी. दोहोंचें मूळ एकच, तें म्हणजे घाई.

म्हणून आतां आम्ही मुलांस जो क्रम शिकवितों, तो येथें पालकांच्या माहितीसाठीं देतों. पाणी शोधतांना हातपंप किंवा बांधीव विहीर मिळाली, तर तीच पसंत करावी. ती नसेल तर वाहता झरा पाहावा व वस्तीच्या, गोठ्याच्या आणि शेताच्या वरच्या अंगास पाणी भरावें. उन्हाळ्यांत नदी आटली असेल, तर गांवच्या बाया करतात त्याप्रमाणें पात्राच्या वाळूंत झिरा खणावा, पहिलें पाणी उपसून टाकावें आणि मग जें पाणी झिरपतें तें वाटीनें हळूंच भरावें. वाळूनें त्याची पुष्कळशी गाळणी केलेली असते. नंतर तें भांड्यांत निवळूं द्यावें व वरचें पाणी स्वच्छ फडक्याच्या चार पदरांतून गाळावें. त्यानंतरच गोळी टाकावी. एक गोळी किती लिटरांस, हें वेष्टणावर छापलेलें असतें व निरनिराळ्या गोळ्यांचें प्रमाण निरनिराळें असतें. वीस लिटरांची गोळी एका बाटलींत टाकणें व एका लिटरची गोळी हंड्यांत टाकणें, या दोन्ही चुका आम्हीं मुलांच्या हातून होतांना पाहिल्या आहेत. त्रैराशिक वहींत सोडविणें निराळें आणि तहान लागली असतां सोडविणें निराळें! गोळी विरघळली कीं झांकण किंचित् सैल करून बाटली उलटी करावी, म्हणजे पेंचावरचें कच्चें पाणीही धुवून निघतें. मग घड्याळ लावून पुरा अर्धा तास थांबावें. पाणी फार थंड असेल तर याहून अधिक थांबावें.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. क्लोरीनचा वास मुलांस आवडत नाहीं, म्हणून कोणी लिंबू पिळतो, कोणी सरबताची पूड टाकतो. लिंबांतील क जीवनसत्त्व क्लोरीनला क्षणांत निष्प्रभ करतें. अर्धा तास झाल्यावर लिंबू पिळलें तर चव सुधारते व कांहीं बिघडत नाहीं. आधीं पिळलें तर गोळी फुकट जाते आणि जंतु मात्र लिंबूसरबतांत मजेनें पोहत राहतात.

गोळीची सत्ता कोठें संपते, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा एक सूक्ष्म जीव क्लोरीनला जुमानीत नाहीं. त्याला उकळीच पाहिजे. म्हणून जेथें चूल पेटविण्याची परवानगी व सोय आहे, तेथें पाण्यास खळखळून उकळी आणणें हाच सर्वोत्तम उपाय होय. गोळी ही चालत्या वाटेची सोबतीण. शिवाय शेतांतून वाहून आलेलें कीटकनाशक किंवा कारखान्यांतून आलेलें विष गोळीनें जात नाहीं, आणि उकळल्यानेंही जात नाहीं. धानाच्या बांध्यांतून निघालेल्या पाण्यास हात लावूं नये, असें आम्ही सांगतों तें यासाठींच. नागपूर शहराचें सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानेस मिळते व कन्हान आंभोऱ्यापाशीं वैनगंगेस मिळते. गोसेखुर्दच्या धरणानें तें पाणी अडून राहतें, याची चिंता भंडाऱ्याच्या लोकांस ठाऊकच आहे. आजोबांच्या बालपणीं जें नव्हतें तें हें. अशा पाण्याच्या कांठीं गोळी काढून बसणें म्हणजे स्वतःची फसवणूक करणें होय. तेथें एकच उपाय, तो म्हणजे दुसरें पाणी शोधणें. कोणतें पाणी शुद्ध करतां येतें व कोणतें येत नाहीं, हा विवेक गोळीहून मोलाचा आहे.

एवढी काळजी घेऊनही कोणी आजारी पडलाच, तर जलसंजीवनी जवळ असावी. एक लिटर शुद्ध पाण्यांत साखरेचे सहा सपाट लहान चमचे व मिठाचा अर्धा चमचा, हें प्रमाण प्रत्येक मुलास पाठ पाहिजे. १९७१ सालीं बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व साखर यांच्या अशाच मिश्रणानें हजारों रोग्यांस वांचविलें. ज्याला सात अठ्ठे छप्पन येतात, त्याला हेंही आलें पाहिजे.

येथें कोणी विचारील कीं, गांवांतील एखाद्या माउलीनें मुलांस प्रेमानें तांब्याभर पाणी दिलें, तर तिच्यादेखत त्यांत गोळी टाकणें हा तिचा अपमान नव्हे काय? हा प्रश्न आम्हांस खरोखरच अवघड वाटला. पाणी देणें हा आपल्या देशांत मोठा धर्म आहे. आणि याच महाराष्ट्रांत पाण्यास शिवूं न देण्याचा अधर्मही झाला. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला, हें मुलांस ठाऊक आहे. म्हणून कोणाच्या हातचें पाणी नाकारतांना दहादां विचार करावा. आम्ही मुलांस असें सांगतों कीं, तांब्या दोन्ही हातांनीं घ्यावा, आपल्या बाटलींत ओतून घ्यावा, आभार मानावे, आणि तिनें विचारलें तर गोळी काय आहे तें तिला नीट समजावून सांगून चार गोळ्या तिच्या घरीं ठेवून याव्या. जें आपल्या लेंकरांस आवश्यक वाटतें, तें तिच्या लेंकरांस अनावश्यक कसें? गोळी लपवून टाकणें हा अपमान होईल. वांटून घेणें हा नव्हे.

येथेंच त्या शेतकरी बापाचें वाक्य आम्हांस पुनः आठवतें. अलीशा संदेष्ट्यानें यरीहोचें वाईट पाणी मीठ टाकून बरें केलें, ही कथा आमच्या मुलांस ठाऊक आहे. त्या कथेंत आम्हांस नेहमीं एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी वाटते. संदेष्ट्यानें तें मीठ स्वतःच्या पेल्यांत टाकलें नाहीं. तो झऱ्याच्या उगमापर्यंत गेला व तेथें टाकलें. आमची मुलें दोन दिवसांच्या सहलींत आपल्या बाटलीची काळजी घेतील आणि परत येऊन वर्षभर आपल्याच गांवच्या विहिरीकडे पाहणार नाहींत, तर आमची सारी शिकवण बाटलीच्या तोंडाशींच अडून राहिली असें होईल. प्रत्येक ग्रामपंचायतींत विहिरींत व टाकींत ब्लीचिंग पावडर टाकण्यासाठीं जलसुरक्षक नेमलेला असतो. तो परीक्षानळींत औषधाचा थेंब टाकून पाण्यास पिवळा रंग येतो कीं नाहीं, हें पाहतो. रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, न आला तर नाहीं. पावडर ओलाव्यानें व उघडी राहिल्यानें निकामी होते, हें त्यास व पंचायतीस कोणी विचारीत नाहीं, म्हणून पुष्कळदां कोणी पाहतही नाहीं. आमची सूचना अशी आहे कीं, सहलीस जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें पावसाळ्यांत निदान चार वेळां आपल्या गांवच्या जलसुरक्षकाबरोबर जाऊन ही परीक्षा पाहावी, तारीख व रंग वहींत टिपावा, आणि रंग न आल्यास आपल्या वडिलांस घेऊन नम्रपणें पंचायतींत विचारावें. ही वही ज्याची पुरी झाली, त्याचेंच नांव सहलीच्या यादींत घालावें.

पालकहो, सहल बंद करणें सोपें आहे. त्यास एक ठराव पुरतो. पण मुलें सहलीस गेलीं नाहींत, म्हणून टोलीवरच्या विहिरीचें पाणी शुद्ध होत नाहीं. भय वाटतें तें आम्हांसही वाटतें, आणि त्या इस्पितळांतील दोन रात्री आठवल्या म्हणजे तुमच्याहून अधिकच वाटतें. परंतु भिऊन घरीं ठेवलेला मुलगा पुढें कधींतरी एकटा तहानेला होईल, आणि तेव्हां त्याच्याजवळ आई नसेल, गुरुजी नसतील. असेल तें फक्त जें त्याला शिकविलें असेल तें.

गेल्या सहलींत आम्ही त्याच नाल्याच्या वरच्या अंगास बसलों होतों. पाणी निवळून, गाळून झालें होतें, गोळी टाकली होती, आणि घड्याळांत बारा मिनिटें झालीं होतीं. सहावींतला एक चिमुकला मुलगा पेला पुढें करून उभा राहिला. आमचें मन पुनः द्रवलें. तेवढ्यांत दुसऱ्या एका मुलानें त्याला शांतपणें जवळ बसविलें व म्हटलें, "थांब, अजून अठरा मिनिटें आहेत." आम्ही गप्प बसलों. त्या दिवशीं गुरु कोण व शिष्य कोण, हें सांगणें आम्हांस कठीण आहे.